नांगर, खुंटा आणि बिनबुडाची बाटली

समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्कीचा फोटो आला की सगळे पात्यांबद्दलच बोलतात, एवढी लांब, तेवढी उंच. मला मात्र कधीपासून एकच प्रश्न पडलेला, की बाबा ही वाहून का जात नाही? पाणी साधारण ५०-६० मीटरच्या पुढे गेलं की तळात खांब रोवणं परवडत नाही म्हणून तरंगती करतात, इथपर्यंत ठीक, पण मग तिला धरतं कोण? मला आपलं वाटायचं की खाली काँक्रीटचा भलामोठा ठोकळा सोडत असतील आणि साखळीने बांधत असतील, झालं काम.

मग एकदा गणित करून बघितलं. १०० टनाचा ठोकळा पाण्यात गेला की त्याचं वजन जवळजवळ ६० टनांवर येतं, आणि आडवं ओढलं तर घर्षणाने तो धरणार साधारण त्याच्या निम्मं, म्हणजे ३० टन वगैरे. आणि हल्लीच्या १५ मेगावॅटच्या टर्बाइनला वारा जो ढकलतो तो जोर २०० टनांच्या वर जातो! (गंमत म्हणजे हा जोर वादळात सगळ्यात जास्त नसतो, ताशी ४० किमीच्या आसपास वारा असतो तेव्हा असतो, त्याच्या पुढे पाती स्वतःच तिरकी वळून वारा सोडून देतात. वादळात त्रास देतात त्या लाटा.) म्हणजे नुसत्या वजनाने भागत नाही, तळाच्या मातीलाच कामाला लावावं लागतं.

आपल्याकडे शेतातल्या नांगराला आणि जहाजाच्या नांगराला एकच शब्द आहे, आणि इथे तो अक्षरशः बरोबर बसतो. ड्रॅग अँकर म्हणतात तो प्रकार तळावर सोडायचा, वरून बोटीने ओढायचा, तो फाळासारखा चिखलात घुसत जातो आणि चांगली माती मिळाली तर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ताण धरतो. अट एकच, ओढ आडवी पाहिजे. वर उचललं की निघाला. म्हणून तर एवढी जड साखळी लावतात आणि तिचा बराचसा भाग तळावर नुसता पडून असतो, मला आधी ती उधळपट्टी वाटली होती, पण लाटेने टर्बाइन पुढे ढकलली की ती साखळी एकेक कडी करत तळावरून उचलली जाते, लोंबणारं वजन वाढत जातं, आणि तेच वजन टर्बाइनला हळूच मागे खेचतं. झोळ आहे म्हणून झटका बसत नाही.

पण या नांगराची एक अडचण आहे, तो ओढता ओढता नेमका कुठे थांबेल ते आधी सांगता येत नाही, आणि एकदा बसला की एकाच दिशेचा ताण घेतो. स्कॉटलंडला पीटरहेडजवळ २०१७ मध्ये हायविंड नावाचा तरंगत्या पवनचक्क्यांचा जो प्रकल्प सुरू झाला, ६ मेगावॅटच्या पाच टर्बाइन, तिथे वेगळंच वापरलंय. सक्शन अँकर. ५ मीटर रुंद, १६ मीटर उंच पोलादी डबा, वरून बंद, खालून उघडा, प्रत्येक टर्बाइनला असे तीन. डबा तळावर ठेवायचा, स्वतःच्या वजनाने तो थोडा रुततो, मग पंपाने आतलं पाणी काढायचं की बाहेरच्या पाण्याचा दाबच त्याला खाली रेटतो. घण नाही, ठोकाठोकी नाही.

हे वाचून मला राहवलं नाही. बाटलीचा तळ कापला, झाकणाला भोक पाडून नळी बसवली, बादलीत वाळू आणि वर चार बोटं पाणी, त्यात बाटलीची कापलेली बाजू खाली टेकवून तोंडाने नळी ओढली. काहीच नाही. झाकणापाशी हवा घेत होती. ग्लू लावून दुसऱ्यांदा केलं तर काय सरसर खाली गेली! तिसऱ्यांदा जोरात ओढायला गेलो तर बाटली जागेवरच आणि आतली वाळूच उकळल्यासारखी वर आली, तोंडात पण गेली. खऱ्या कामातही वाळूच्या तळावर हीच भीती असते, म्हणून पंप बेतानेच चालवतात. चिकणमातीत वेगळी गणितं. आणि एक गैरसमज माझाही होता, पंप कायम चालू नसतो हां, डबा पूर्ण बसला की पंप काढून नेतात, त्यानंतर धरून ठेवते ती चारी बाजूंची माती.

असा खुंटा हव्या त्या जागी बसतो आणि कुठूनही ओढलं तरी चालतो, मग नॉर्वेच्या हायविंड टाम्पेनवाल्यांनी पुढचं डोकं चालवलं. ११ टर्बाइन, म्हणजे ३३ अँकर लागायला हवेत, त्यांनी १९ मध्ये भागवलं, शेजारच्या टर्बाइनची दावी एकाच खुंट्याला. २६० ते ३०० मीटर पाण्यात तेवढे खुंटे कमी म्हणजे केवढा खर्च वाचला. पण एक खुंटा ढिला झाला तर दोन-तीन जनावरं एकदम बिथरणार हेही आलंच.

आणि ढिला होऊ शकतो. गिनीच्या आखातात एका तेलाच्या जहाजाच्या सक्शन अँकरसमोर साखळीने वर्षानुवर्षं हलून हलून चिखलात चांगला खोल चर पाडलेला सापडला होता. म्हणजे ज्या मातीच्या भरवशावर अँकर उभा, तीच साखळीने खरवडून काढलेली. मला तर वाटतं पात्यांपेक्षा जास्त लक्ष या चरांकडे द्यायला पाहिजे, पण तिथे फोटो काढायला कोण जाणार, पाण्याखालचा रोबो सोडून.

२०२४ मध्ये हायविंड स्कॉटलंडच्या पाचही टर्बाइन मोठ्या दुरुस्तीसाठी सोडवून ओढत नॉर्वेला नेल्या. जनावरं गेली, खुंटे जागेवर. हे खुंटे कधीतरी उपटायचे झाले तर काय करतात ते मला बादलीनेच शिकवलं, कारण बाटली पार रुतून बसली होती, दोन हातांनी हलेना. शेवटी नळीतून उलटं पाणी आत दाबलं. आली की वर, निमूटपणे. खरे डबेही असेच काढतात.