ट्रीटमेंट शीटवरची सही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी या प्रश्नाला मी नुसतं हसून "हो, म्हणू शकते ना" एवढंच उत्तर देते आणि विषय बदलते.

प्रश्न असा असतो: डॉक्टरांनी लिहिलेलं औषध द्यायला सिस्टर नाही म्हणू शकते का? लग्नाच्या पंगतीत विचारतात, मुलीला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, घालावं की नाही या विचारात असलेले आईबाप विचारतात. आमच्या शेजारचे काका तर सरळच म्हणतात, "डॉक्टरनं लिहून देल्लं अन् तुम्ही नाही म्हटलं, असं चालते का बाई?" डॉक्टर म्हणजे डोकं आणि सिस्टर म्हणजे हात, असा त्यांचा हिशोब. हाताला कोण विचारतं?

नागपूरच्या धंतोली आणि रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत मिळून माझी सव्वीस वर्षं ड्यूटी झाली. त्यातली एक रात्र सांगते, म्हणजे बाकीचं सोपं जाईल.

मे महिना होता. नागपूरचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. रात्री दोनला वॉर्डातला कूलर गरमच हवा फेकत होता आणि निम्म्या खाटांवर ऊन लागलेले, जुलाब-उलट्यांनी गळालेले पेशंट. त्यात सेंट्रिंगचं काम करणारा एक पन्नाशीचा माणूस होता. दोन दिवसांच्या जुलाबांनी त्याचं पोटॅशियम पार खाली गेलेलं. रात्रपाळीच्या आरएमओंनी, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या ड्यूटी डॉक्टरांनी, ट्रीटमेंट शीटवर, म्हणजे औषधांच्या कागदावर, लिहिलं: केसीएल, एक अँप्युल, आयव्ही, स्टॅट. म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, शिरेतून, ताबडतोब.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ती अँप्युल १० मिलीची असते आणि तिच्यात २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. सलाईनच्या बाटलीत मिसळून सावकाश सोडलं तर माणूस उठून बसतो. तेच सिरिंजमध्ये भरून सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, आणि मग कुणालाच काही करता येत नाही. शीटवर कशात मिसळायचं, किती वेळात द्यायचं, काहीच नव्हतं.

मी विचारलं, "सर, कशात घालून देऊ?" ते दुसऱ्या खाटेवरच्या पेशंटची शीर शोधत होते, सलग दुसरी रात्र जागत होते. मान वर न करता म्हणाले, "स्टॅट लिहिलंय ना सिस्टर. द्या."

अँप्युल माझ्या हातात होती. फोडली नव्हती. मी ती ट्रेमध्ये परत ठेवली आणि मोठ्या डॉक्टरांना घरी फोन लावला. पेशंटचा मुलगा मागे उभा. "फोन काहून लावून राहिल्या बाई? इंजेक्शन द्या ना लवकर." त्याचं काही चुकत नव्हतं. मोठे डॉक्टर आधी झोपमोडीबद्दल बोलले, मग मी शीट वाचून दाखवली तेव्हा दोन क्षण गप्प झाले. म्हणाले, "पाचशेच्या बाटलीत टाका, दोन तासांत सोडा, मॉनिटर लावा." मी वेळ टाकली, काय विचारलं ते लिहिलं, कुणी काय सांगितलं ते लिहिलं आणि सही केली.

आरएमओ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःहून चहाचा कप आणून ठेवला आणि "सिस्टर, ते त्या दिवशीचं..." म्हणून निघून गेले. पेशंट चौथ्या दिवशी घरी गेला. जाताना एकच चौकशी, सावजी मटण कधीपासून चालेल.

लोक याला हिंमत म्हणतात. मला त्या रात्री भीती वाटली होती, एवढंच. भीती त्या सहीची. ट्रीटमेंट शीटवर डॉक्टरांची सही असते ती 'द्या' याच्याखाली. माझी असते 'दिलं' याच्याखाली. क्रियापदंच वेगळी आहेत.

पहिल्या वर्षी हातात दिवा घेऊन आम्ही शपथ घेतली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची शपथ म्हणतात तिला, पण ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने लिहिली, मानाने नाव दिलं नाइटिंगेलबाईंचं. त्या शपथेत डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करीन असं आहे. काकांचा हिशोब बहुधा तिथूनच आला असावा. पण त्याच शपथेत जाणूनबुजून घातक औषध देणार नाही असंही आहे, आणि ते आधी येतं. अठराव्या वर्षी मेणबत्तीचं मेण हातावर सांडत असताना कोण क्रम बघतं! मला तो क्रम त्या मे महिन्यानंतर दिसला.

कायद्याचं विचाराल, तर "नर्सने नाकारावं" असं लिहिलेलं एखादं कलम मी तुम्हाला काढून दाखवणार नाही. ते उलट्या बाजूने येतं. माझं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरला आहे, ते १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमामुळे. ते नाव काढून टाकायचा अधिकारही कौन्सिललाच. म्हणजे कायदा मला डॉक्टरांचा हात मानत नाही, शिकलेली, नोंद झालेली स्वतंत्र व्यक्ती मानतो. मग प्रश्न येतो तो असा, की एवढं शिकलेल्या नर्सला हे कळायला हवं होतं की नाही? केसीएल सरळ शिरेत देत नाहीत हे दुसऱ्या वर्षाच्या मुलीलाही कळतं. तिथे "सरांनी सांगितलं होतं" हे वाक्य फार लांब जात नाही.

आणि एक गोष्ट नवीन मुलींना मी मुद्दाम वाचायला लावते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून तसं झालं तर मात्र दोन वर्षांपर्यंत. आता नोंदणीकृत डॉक्टर कोण, तर कलमाखालच्या स्पष्टीकरणाप्रमाणे ज्याचं नाव वैद्यकीय रजिस्टरला आहे तो. आमचं नाव त्या रजिस्टरला नसतं. खाट तीच, पेशंट तोच, अँप्युल तीच. मी ते स्पष्टीकरण तीनदा वाचलं आणि मग वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. मुली गप्प झाल्या. एक म्हणाली, "मॅडम, मग पगार पण जास्त पाहिजे ना." तिला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

अशा मुलींच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट घडते, ती सांगून पुढे जाते. छोट्या दवाखान्यांत पांढरा ड्रेस घातलेली प्रत्येक मुलगी नर्स असतेच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा स्प्रिंग मेडोज खटला आम्हाला शिकवतात. टायफॉइडच्या मुलाला मलेरियावरचं क्लोरोक्विन शिरेतून दिलं गेलं, मुलाचं हृदय थांबलं, मेंदू कायमचा गेला. देणाऱ्या नर्सचं नाव कुठल्याच कौन्सिलला नव्हतं. मुलाला १२ लाख ५० हजार आणि आईबापांना ५ लाख भरपाई ठरली. जिला पोरगी म्हणून कमी पगारावर ठेवता, तिला नाही म्हणायला शिकवलेलंच नसतं.

नाही म्हणायलाही हद्द आहे, बरं का. पेशंट एचआयव्हीचा आहे, बिल भरलेलं नाही, माणूस शिव्या देतो, म्हणून हात लावणार नाही, असं चालत नाही. ते नाकारणं वेगळं आणि त्या केसीएलचं वेगळं.

इथपर्यंत मी तुम्हाला शहाणी वाटत असेन. म्हणून पुढचं सांगायला हवं.

त्या मे महिन्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट, दुसऱ्या दवाखान्यातली. दुसरं बाळंतपण, सिझेरियन ठरलं. बाई कळांनी तळमळत होती. नवरा आणि सासू म्हणाले, त्याच वेळी नसबंदीही करून टाका, दोन झाले, बस झाले. फॉर्मवर नवऱ्याने सही केली. खाली साक्षीदाराची ओळ होती, तिथे मी केली. बाईला कुणी विचारलं नाही. मीही नाही. थिएटर तयार होतं, सगळे घाईत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी ड्रेसिंग करत होते. सासू बाळाला घेऊन बसली होती, सहज बोलून गेली, "आता मोकळी झाली वो ही, ऑपरेशन पण झालं." बाईने सासूकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्ही होत्या ना तिथं?"

मी होते. माझी सही होती. तिने तक्रार केली नाही, मीही कुणाकडे गेले नाही. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती त्याची स्वतःची लागते, नातेवाईकाच्या सहीने ती भरून निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात बजावलं. तिथे बाई भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती. तो निकाल मी वाचला तेव्हा मला ती बाईच आठवली. पण निकाल यायच्या आधीही ते चूकच होतं ना.

तेव्हापासून फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही करायची असली की मी नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवते. "काहून? नवरा आहो ना मी तिचा?" आहात ना, खाली टपरीवर पोहे खाऊन या. मग पेशंटला म्हणते, उद्या तुमचं काय करणार आहेत, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं मला. बहुतेक जण नीट सांगतात.

मागच्या महिन्यात काटोलकडची एक बाई म्हणाली, "पिशवी काढनार म्हने."

फॉर्मवर फक्त गाठ काढायचं लिहिलं होतं, गर्भपिशवीचं नाही. मी पेनाचं टोपण लावलं आणि डॉक्टरांना फोन केला.