निवडणं की वेचणं? तुम्ही विचारलंत म्हणून

‘निवडणं आणि वेचणं एकच ना?’ यावर माझं जुनं उत्तर ठरलेलं होतं: निवडताना वाईट काढून टाकतात, वेचताना चांगलं उचलतात. ते उत्तर चूक. तांदळातले खडे वेचतातच की.

तर ताटच घ्या. मूठभर तांदूळ उजेडात पसरून एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकवत जायचे. खडा, साळ, किडका दाणा बाजूला. नजरेखालून एकही दाणा सुटता कामा नये. हे झालं ‘तांदूळ निवडले’, आणि त्याच बैठकीत ‘खडे वेचले’ही. आता अदलाबदल करा. ‘तांदूळ वेचले’ म्हटलं की डबा लवंडलेला असतो. ‘खडे निवडले’ म्हटलं की कुणीतरी पुष्कराज घ्यायला सराफाकडे गेलेलं असतं. निवडायची ती रास, वेचायचा तो नग.

यावर हमखास येणारा आक्षेप: झाडावरची फुलं तोडतात, खाली सांडलेला प्राजक्त वेचतात; मग कापूस झाडावर असून वेचतात कसा? कारण झाड रिकामं करायचं नसतं. पूर्ण उमललेल्या बोंडातलाच कापूस ओढायचा, अर्धवट फुटलेली बोंडं पुढच्या वेचणीला ठेवायची. दव सुकल्यावर सुरुवात. ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो. आधी खालची बोंडं, मग वरची, नाहीतर वरच्या वाळक्या पानांचा चुरा खालच्या कापसाला चिकटतो. वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधतात ती ओटी सुती हवी, प्लास्टिकच्या पोत्याचे धागे कापसात शिरले की जिनिंगमध्येही, म्हणजे सरकी काढतानाही, सहज निघत नाहीत. आणि कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, झाडापाशीच वेगळा ठेवायचा. तो घरी ढिगावर बसून काढायला घेतलात तर त्याला निवडणं म्हणा. पण तोवर कवडी चांगल्या कापसात गुंतलेली असते, आणि व्यापारी बोट नेमकं तिच्यावरच ठेवतो.

‘निवडक कविता’ छापणाऱ्यानं त्या कवीच्या सगळ्या कविता वाचलेल्या असाव्यात, हा माझा हट्ट. वाचल्या नसतील तर ‘वेचक’ म्हणावं. न उचललेल्यांचा हिशेब तिथे कोणी मागत नाही. लोक मात्र ‘वेचक-निवडक’ असं एका दमात म्हणतात आणि माझा मुद्दा तिथेच ढासळतो, हे कबूल. शिवाय कचरावेचक बायका ढिगातून उचलतात आणि मग बसून काच, पत्रा, पुठ्ठा वेगळा करतात. त्यांच्या नावात फक्त पहिलं काम आलंय.