कट्ट्याची कड पायाला कळली!

आज सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पार्कोरचा, म्हणजे भिंती, कठडे, पाइप यांवरून उड्या मारत जाण्याचा सराव. तासभर एकच उडी. दोन्ही चवड्यांवर कडेवर उतरायचं आणि हलायचं नाही. महिनाभर जाड तळाच्या रनिंग शूजमध्ये हे जमतच नव्हतं. फोम दबला की घोटा डुगडुगायचा. आज पातळ, सपाट, सलग रबरी तळाचे साधे बूट घातले आणि पहिल्याच उडीला दगडाची कड बोटांखाली जाणवली. काय आनंद झाला!

पाइपवर तर फरक आणखी मोठा. बऱ्याच रनिंग शूजच्या तळाला मध्यभागी गुळगुळीत प्लास्टिक असतं, नेमका तिथेच पाय सटकतो. पार्कोरसाठी बूट घेताय? आधी तळ उलटा करून बघा, मग किंमत.

मात्र पातळ तळ धक्का झेलत नाही, तो गुडघ्यांनी झेलायचा. म्हणून उंचावरच्या उड्या सध्या बंद.