गोणी का आणता?

"एवढी मोकळी जागा, एवढी हौस, आणि कोंबड्यांना घालता काय, तर गोणीतलं खाद्य?"

हे मला धायरीतले शेजारी विचारतात, नवऱ्याच्या ऑफिसातले विचारतात, आणि रविवारी सिंहगडावरून परतताना डझनभर अंडी घ्यायला थांबणारे तर हटकून विचारतात. विचारताना चेहरा असा, की जणू मी दुधात पाणी घालताना सापडले. एक गृहस्थ गोणीला शिवलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून घेऊन गेले. अंडी मात्र दीड डझन नेली.

आजवर मी हसून वेळ मारून नेली. "सवय लागलीय हो त्यांना," असं काहीबाही. ते खरं नाही. खरं सांगायचं तर ठकीबद्दल सांगावं लागतं, आणि दारात उभं राहून, हातात ट्रे धरून ते सांगता येत नाही. म्हणून आज लिहूनच टाकते.

आधी कबुली. तुम्ही जे म्हणता ते सगळं मी तुमच्याआधी म्हणून झालेय. माझी 2017 ची एक वही आहे, कोंबड्या आणल्या त्या आठवड्यात घातलेली. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंय, "नियम 1: गोणीतलं काही नाही." खाली दोन रेघा. पुढे "नियम 2: घरात जे शिजतं तेच त्यांना." तिसरा नियम वाचताना अजून कान गरम होतात: "आपल्याला काय चांगलं हे कोंबडीला आपल्यापेक्षा जास्त कळतं." कळतं, थोडंफार कळतं. पण समोर जे ठेवलंय त्यातूनच तिला निवडायचं असतं, हे त्या लाल शाईवाल्या बाईला कोण सांगणार?

डोक्यात अर्थातच आजी होती. वेल्ह्याकडच्या तिच्या वाडीत कोंबड्यांना कुणी खायला घालतच नसे. सकाळी डालगं उचललं की त्या पसार, दिवेलागणीला परत. मधल्या वेळात भात झोडताना सांडलेलं, गोठ्यातलं शेण, उकिरडा, बांधावरचे किडे. पिलं निघाली की तेवढ्यापुरती आजी लक्ष घालायची. एका फुटक्या मडक्यात ओलं शेण आणि काटक्या कोंबून ते आंब्याखाली पालथं घालायची. दोन-तीन दिवसांनी उचललं की आत वाळवी बुजबुजलेली. मडकं पिलांपुढे झटकलं की एकच झुंबड. वाळवी संपली तरी पिलं मडक्याच्या काठावर टकटक चोची मारत राहायची.

मी धायरीत आणलं ते आजीचं धान्य. उकिरडा आणायचा राहिला. आमचं परस दीड गुंठ्याचं, चारी बाजूंनी भिंत, दोन अंगांना इमारती. सहा कोंबड्यांनी सहा महिन्यांत तिथला शेवटचा गांडूळ संपवला. त्यानंतर त्या दिवसभर जमीन उकरायच्या खऱ्या, पण सापडायचं काही नाही. आणि मी ते बघून म्हणायचे, किती नैसर्गिक!

शिवाय कोंबड्याही आजीच्या नव्हेत. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी घालते आणि मधूनमधून खुडूक होऊन बसते, विश्रांती घेते. माझ्या सहापैकी चार लाल, अंड्यांसाठी पैदास केलेल्या. त्यांतली ठकी महिन्याला 26-27 अंडी घालायची. वहीत तारखेपुढे पेन्सिलीने टिकमार्क आहेत, अभिमानाने केलेले. मी तेहतीस वर्षं लोकांचे जमाखर्च तपासले. खर्चाच्या बाजूला एवढे टिकमार्क आणि जमेला काय, हा साधा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही.

2019 चा श्रावण. तो ऑगस्ट पुणेकरांना आठवत असेल, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, उन्हाचा पत्ता नाही. तोवर मी कोंबड्यांना ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, भाजीचे देठ, उरलेली भाकरी आणि आठवड्यातून दोनदा मूठभर सुकट घालत होते. श्रावण लागला तशी सुकट बंद झाली. सासूबाई म्हणाल्या, "महिनाभर घरात तो वास नको गं." मलाही ते पटलं. वर सोमवारची साबुदाण्याची खिचडी उरली की तीही परसात जायची. कोंबड्या त्यावर अशा धावायच्या की वाटावं, याहून उत्तम अन्न नाही. (कोंबडी थर्माकोलवरही तशीच धावते. पण हे मला पुढे कळलं.)

पहिल्या आठवड्यात ठकीच्या अंड्यांचं कवच खरखरीत झालं. दुसऱ्या आठवड्यात एक अंडं उचलताना बोटाखाली पिचकलं. मग एके सकाळी खुराड्यात कवच नसलेलं, नुसत्या पापुद्र्यातलं अंडं पडलेलं, ओल्या फुग्यासारखं. मी वहीत लिहिलं, "ओल धरली असावी."

दोन दिवसांनी ती कोपऱ्यात उभी होती, शेपटी खाली, पेंग्विनसारखी सरळ. दर थोड्या वेळाने जोर करत होती आणि काही होत नव्हतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, पानाचा चुना पाण्यातून पाज. नवरा म्हणाला, उद्यापर्यंत बघू. मी तिला टबात कोमट पाण्यात बसवलं, बोटाला तेल लावून बघितलं. अंडं हाताला लागत होतं, पण ते दाबलं की दबत होतं. दुपारी तिचे पाय गेले. उभं केलं की पसरायचे.

भर पावसात डालग्यावर प्लॅस्टिक बांधून रिक्षात बसले. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "ताई, कापायला नेताय का?" मी काही बोलले नाही. पहिल्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर होते. काउंटरवरच्या मुलीने ठकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर पक्षी बघत नाहीत." दुसऱ्या ठिकाणी शटर अर्धं खाली. तिसरे एक वयस्कर डॉक्टर, उभी हयात पोल्ट्र्यांवर काढलेले, त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.

त्यांनी तिला उलटं धरलं आणि छातीच्या हाडावरून बोट फिरवलं. मग माझं बोट धरून तिथे टेकवलं. जे हाड नावेच्या तळासारखं सरळ, ताठ असायला हवं, ते वाकडं होतं, आणि दाबलं की हलत होतं.

"खायला काय घालता?"

"सगळं नैसर्गिक, डॉक्टर. बाहेरचं काही नाही."

हे मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हटलं होतं. अगदी खरं सांगते, त्या टेबलापाशीसुद्धा.

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, हिने गेली दोन वर्षं तुम्हाला स्वतःची हाडं खायला घातली."

त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. ठकी परतीच्या वाटेवर गेली, वडगावचा पूल यायच्या आधी. रिक्षावाला तोच नव्हता, याचं मला बरं वाटलं.

त्या रात्री मी तो हिशेब मांडला, जो 2017 मध्ये मांडायला हवा होता. तुम्हीही मांडून बघा. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. 100 ग्रॅम ज्वारीत जेमतेम 25-30 मिलिग्रॅम. म्हणजे एका कवचापुरतं कॅल्शियम ज्वारीतून यायचं तर 7 किलोच्या वर ज्वारी लागेल, आणि कोंबडी दिवसाला खाते 110 ग्रॅमच्या आसपास. आपली नाचणी, जिच्या कॅल्शियमचं एवढं कौतुक, तीसुद्धा साडेपाचशे-सहाशे ग्रॅम खावी लागेल, तेही खाल्लेलं सगळं अंगी लागलं असं धरून. तूट भरून निघते ती हाडांतून. कवच चढायला जवळजवळ 20 तास लागतात, त्यातला बराच वेळ रात्रीचा, पोट रिकामं असतानाचा. अंड्यावरच्या कोंबडीच्या लांब हाडांत त्यासाठी एक खास साठा तयार होतो. तो रोज काढायचा, रोज भरायचा. मी काढत राहिले. त्यात उन्हाशिवाय गेलेला महिना. उन्हाने अंगात तयार होणारं ड जीवनसत्त्व नसेल, तर आहे ते कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही.

मग मी काय केलं? गुलटेकडीला मार्केट यार्डात गेले आणि गोणी घेऊन आले. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, 16-17 टक्के प्रथिनं, साडेतीन-चार टक्के कॅल्शियम. टेम्पोतून उतरवताना मान खाली होती, हेही सांगून टाकते.

गोणी आणली म्हणून बाकी सगळं सोडलं असं नव्हे. सकाळी पोटभर खायला गोणीतलं, म्हणजे दिवसाच्या खाण्याचा मोठा भाग तेच. शेवग्याचा पाला, मेथीचे देठ, टबात वाढवलेला अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती) त्यावर. संध्याकाळी ज्वारी-बाजरीची एक मूठ, तीही मुख्यतः त्यांना उकरायला मिळावं म्हणून. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, कारण तो जिला हवा तिनेच घ्यावा. इथे नियम 3 लागू पडतो, त्या बाईला एवढं श्रेय देते. शेजारी बारीक खडीची वाटी. दात नसल्यामुळे दाणा पोटात खड्यांनीच दळला जातो. आणि हे खाद्य पिलांना चुकूनही नाही, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

"मग सोयाबीन घाला, पेंड घाला, घरीच बनवा," असं सांगणारेही आहेत. बनवून बघितलं. कच्चं सोयाबीन प्रथिनं पचूच देत नाही, ते नीट भाजावं लागतं. शेंगदाण्याच्या पेंडीला पावसाळ्यात कधी बुरशी धरते हे वरून दिसतही नाही, आणि त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. एवढं करूनही धान्य-कडधान्यात मिथिओनिन, म्हणजे प्रथिनांतला एक आवश्यक घटक, कमीच पडतं, ते किड्यांत आणि मासळीत भरपूर. डॉक्टर म्हणाले होते, "पुण्यात सगळ्यांनी कोंबडीला शाकाहारी करायचं ठरवलंय." मला लागलं ते, कारण श्रावणातली सुकट त्यांना मी सांगितली नव्हती.

आणि कृपा करून बलकाच्या रंगावरून माझी परीक्षा घेऊ नका. तो पिवळ्या मक्यातून, पाल्यातून येतो, झेंडूच्या पाकळ्यांनीही येतो. ठकीचा बलक शेवटपर्यंत केशरी होता. शेवटच्या, कवच नसलेल्या अंड्यातलासुद्धा.

आता तुमची बाजू. गोणीत काय आहे ते मला चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच माहीत आहे. ज्या पावसाळ्यात मी नियम 1 पाळत होते, त्याच जुलैत, 2019 मध्ये, केंद्र सरकारने कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या जनावरं-कोंबड्यांसाठीच्या वापरावर बंदी घातली. माणसांवर शेवटचा उपाय म्हणून वापरायचं औषध. म्हणजे तोवर ते वापरात होतंच की. लाल शाईवाली बाई अगदीच खुळी नव्हती. ती ज्याला भीत होती ते होतं. फक्त कोंबडी मरायची ती दुसऱ्याच कारणाने मेली. मी दुकानदाराला दर वेळी विचारते, यात औषध आहे का. तो दर वेळी "छे हो, ताई" म्हणतो. यापलीकडे माझ्या हातात काय आहे?

माझी एक गावठी अजून आहे, वाडीवरून आणलेली, काळी. सातवं वर्ष चालू आहे. गोणीतलं खाद्य ती चोचीने उडवून टाकते आणि कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊन बसते. वर्षाला पन्नासेक अंडी, पाय काटक, पिसं चकचकीत. हिला बघून लोक म्हणतात, "बघा, हिला कुठे लागते गोणी?" नाही लागत. पण हिच्या जिवावर मी तुम्हाला रविवारी अंडी देऊ शकत नाही, आणि तुम्हाला तर दीड डझन हवी असतात. मग अशाच कोंबड्या पाळून अंडी विकणं बंद करावं का? हा विचार दर पावसाळ्यात येतो. अजून केलेलं नाही.

सुकट चालू ठेवली असती तर ठकी वाचली असती का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. मूठभर सुकटीने ती तूट भरली नसती, हिशेब तेच सांगतो. तरी बरीच वर्षं मी मनातल्या मनात सासूबाईंवर ढकलत आले, कारण हिशेबाच्या वहीत स्वतःचं नाव लिहिण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. सुकट मी बारा महिने घालते, खारटपणा जाईपर्यंत धुऊन, वाळवून. श्रावणात डबा घरात आणत नाही. खुराड्याच्या पत्र्याखाली खिळ्याला टांगून ठेवते, बाहेरच्या नळावर दोनदा हात धुते, वास घेऊन बघते आणि मग आत येते.