जाळीपलीकडचा कर्ता

दर शनिवारी संध्याकाळी मी चर्चमधील पापनिवेदनाच्या लाकडी खोलीत जाऊन बसतो. खोली कसली, कपाटच ते. मध्ये जाळी, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला गुडघे टेकण्याची फळी. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी १५७७ साली चर्चच्या बांधकामाविषयी ज्या सूचना लिहिल्या, त्यांत या आसनाची आणि जाळीची रचना सुताराला समजेल इतक्या बारकाईने सांगितलेली आहे. कॅथलिक चर्चच्या १९७३ च्या सुधारित विधीनंतर समोरासमोर बसून पापनिवेदन करण्याची मोकळीक मिळाली आणि अनेकांना ती आवडते. मी मात्र जुन्या वळणाचा धर्मगुरू आहे. समोरासमोर बसले की माणूस हकिगत सांगू लागतो, आणि हकिगतीत परिस्थितीला, स्वभावाला, शेजाऱ्याला भरपूर जागा असते. जाळीपुढच्या अंधारात तेवढी ऐसपैस जागा नसते. तिथे क्रियापद लवकर सांगावे लागते.

तिथे काय ऐकले, याचे एकही उदाहरण मी देणार नाही, नाव वगळूनसुद्धा नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेने, जाणत्या वयाच्या प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले, तेव्हाच ते फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आयुष्यभर प्रायश्चित्तासाठी कडक मठात ठेवावे, असेही ठरवले. चर्चच्या आजच्या कायद्यानुसार तो आपोआप बहिष्कृत होतो. त्यामुळे ललित लेख लिहायला बसलेल्या माझ्यासारख्याची मोठी पंचाईत होते, कारण सर्वांत रसाळ सामग्री कुलुपात असते.

व्याकरणाविषयी मात्र मी बोलू शकतो. पापनिवेदनाची सारी इमारत एका सर्वनामावर उभी आहे. ‘मी खोटे बोललो’, ‘मी निंदा केली’. दुसऱ्या वाक्यात क्रियापद निंदेप्रमाणे चालते हे खरे, पण ‘मी’ जागचा हलत नाही. दुसऱ्याचे पाप सांगायला तिथे परवानगी नाही. पापात जो सोबती असेल त्याचे नाव विचारण्यासही कायद्याने धर्मगुरूला मनाई आहे. मिस्साविधीच्या, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेच्या, आरंभीच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेत ‘मेया कुल्पा’, म्हणजे ‘माझा अपराध’, हे शब्द तीनदा उच्चारून तीनदा स्वतःच्या छातीवर हात मारायचा असतो. शेजाऱ्याच्या छातीकडे हात वळवण्याची सोय त्या विधीत ठेवलेली नाही.

आता सार्वजनिक जीवनातील मराठी पाहा. ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला गेला.’ ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ या दुसऱ्या वाक्यात वक्ता फक्त दिलगिरीचा धनी आहे. दुखावण्याचे काम कोणी केले ते कळत नाही, आणि ‘तर’ या एका शब्दाने ते झाले की नाही हेही ऐकणाऱ्यावर सोपवले आहे. सर्वांत निर्मळ वाक्य म्हणजे ‘चूक झाली’. शाळेतल्या मास्तरांना विचारले, तर ते सांगतील की येथे कर्ता ‘चूक’ हाच आहे. जणू ती चूक सकाळी स्वतःहून उठली, आवरून घराबाहेर पडली आणि होऊन गेली.

याचा अर्थ ‘मी’ हा शब्द राजकारणातून हद्दपार झाला आहे असे नव्हे. रस्ता मी बांधला, योजना मी आणली, शत्रूला मी नमवले. यशाच्या वाक्यांत प्रथमपुरुषाची रेलचेल असते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातला परूशी, म्हणजे काटेकोर नियम पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस, मंदिरात उभा राहून हेच करतो: आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो, आणि त्या जकातदारासारखा मी नाही म्हणून देवाचे आभारही मानतो. आपली संस्कृतीही आता पापाविषयी कमी बोलते असे मला वाटत नाही. उलट, पापाविषयी ती इतकी कधी बोललीच नसावी. हातातल्या पडद्यावर दिवसभर पापनिवेदनच चाललेले असते. फक्त ते द्वितीय आणि तृतीय पुरुषात असते, तिथे जाळी नसते आणि शेवटी पापक्षमाही नसते.

धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये, असे आमचा १९८३ चा धर्मकायदा सांगतो, आणि वेदीवरून कोणाला मत द्या हे मी कधी सांगितलेले नाही. तरीही निवडणूक जवळ आली की दोन्हीकडची भली माणसे मला मिस्सानंतर गाठतात आणि समोरच्या पक्षाच्या पापांवर प्रवचन मागतात. स्वतःच्या पक्षाच्या पापांवर प्रवचन मागायला अजून कोणी आलेले नाही. येईल त्या दिवशी मी घंटा वाजवणार आहे.

हे लिहिताना माझ्या स्वतःच्या घराकडे पाठ फिरवता येत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्स बॅसिलिकात ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. ते धाडसाचे पाऊल होते, आणि तरीही ‘लेकरांनी’ हा कर्ता मला टोचतो. लहान मुलांवर धर्मगुरूंनी केलेल्या अत्याचारांविषयी तर आमच्या कितीतरी निवेदनांत ‘दुर्दैवी घटना घडल्या’ असेच वाक्य वाचावे लागले. घटना घडत नव्हत्या. माणसे त्या करत होती आणि वरची माणसे त्या झाकत होती.

पापनिवेदन गुप्त ठेवण्याचे बंधन ऐकणाऱ्यावर असते, सांगणाऱ्यावर नसते. म्हणून एक प्रसंग सांगतो, तो माझाच आहे. मीसुद्धा एका वयोवृद्ध धर्मगुरूंकडे पापनिवेदनासाठी जातो. गेल्या खेपेस मी यादी तयार करून गेलो होतो. आजाऱ्यांच्या भेटी राहून गेल्या, दैनिक प्रार्थना चुकली, एका कुटुंबाविषयी तोंडून कठोर शब्द निघून गेला. जाळीपलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटले, त्यांना डुलकी लागली असावी. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, “कोणाच्या तोंडून?”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.