तुम्ही विचारलंत म्हणून: बंद कारखान्यात बघायचं काय?

"किल्ले, राजवाडे ठीक आहेत; पण बंद पडलेल्या गिरण्या आणि खाणी बघायला एवढ्या लांब कशाला जाता?" प्रत्येक प्रवासानंतर कुणी ना कुणी हे विचारतंच.

माझं उत्तर छपरापासून सुरू होतं. गिरणीचं करवतीच्या दातांसारखं छप्पर पाहिलंय? उत्तर गोलार्धात त्यातल्या काचा उत्तरेकडे ठेवत, कारण तिकडचा उजेड दिवसभर सारखा राहतो. साच्यावर, म्हणजे कापड विणण्याच्या मागावर, थेट ऊन येत नाही, तुटलेला धागा चटकन दिसतो. धुराडं उंच, ते भट्टीला ओढ मिळावी म्हणून. राजवाड्याची नक्षी खरवडली तरी राजवाडा उरतो. इथलं काहीही काढलं की काम अडतं.

आगीच्या भीतीनं तर बांधकामच बदललं. लाकडी मजले, तेल, तुसं आणि उघड्या ज्योती यांमुळे गिरण्या जळून जायच्या. म्हणून चार्ल्स बेज यांनी इंग्लंडमधल्या श्रूजबरीजवळ १७९७ साली जवसाच्या धाग्याची गिरणी बिडाच्या खांबांवर, बिडाच्या तुळयांवर आणि विटांच्या कमानींवर उभी केली. लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत ती! आजच्या गगनचुंबी मनोऱ्यांची पणजीच.

पण मन अडकलंय ते जर्मनीत, एसेनच्या त्सोलफराइन कोळसाखाणीत. तिचा बारावा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची खोल उभी विहीर, १९३२ साली सुरू झाला. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी लाल विटा आणि पोलाद इतकं नेमकं जुळवलंय, की शाफ्टवरच्या त्या पाळणा ओढणाऱ्या चाकांच्या मनोऱ्यासमोर मी कितीतरी वेळ नुसती उभी राहते. १९८६ मध्ये खाण बंद झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली.

तुम्हाला मात्र मी तिथल्या जुन्या अंघोळघरात नेईन. अशा खाणींत कपाटं नसत. कामगार आपले कपडे आकड्याला अडकवून साखळीनं थेट छताशी चढवायचा आणि साखळीला कुलूप लावायचा. वरच्या गरम हवेत ओले कपडेही वाळत. माणूस जमिनीखाली, त्याचे घरचे कपडे छताला. पाळी सुटल्यावर वर नजर टाकली, की कोण अजून परतलं नाही ते कळावं.

त्या अंघोळघरात आता नृत्याचं केंद्र आहे. भिंतींवरच्या फरशा तशाच ठेवल्यात.