‘आमच्यानंतर कोण?’ या प्रश्नाची कागदोपत्री बाजू

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा एक-दोन आठवडे उशिरा उघडतात, कारण जूनच्या मध्यापर्यंत नागपूरचे ऊन मुलांना वर्गात बसू देत नाही. बहुतेक घरांना ही वाढीव सुट्टी हवीहवीशी वाटते. ज्या घरात ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेले मूल आहे, तिथे मात्र हेच दिवस वर्षातले सर्वांत कठीण ठरतात. शाळेमुळे बसलेली दिवसाची घडी विस्कटते, दुपारी बाहेर पडता येत नाही आणि कूलरच्या घरघरीने अस्वस्थ होणाऱ्या मुलाबरोबर आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात अडकून पडते. माझा धाकटा भाऊ अशांपैकीच एक असून आता तो विशीत आहे. ‘आमच्यानंतर याला कोण सांभाळणार?’ हा प्रश्न आईबाबांच्या मनात कायम असतो. त्याच्याबरोबर वाढताना माझे एक मत पक्के झाले आहे. मदतीच्या बहुतेक योजना दिव्यांग व्यक्तीच्या नावाने असतात. तिला सांभाळणाऱ्या घराला काय लागते, हे आम्ही भरलेल्या एकाही अर्जात विचारलेले नव्हते.

लहान वयात निदान आणि उपचार यांची वाट नागपुरात सापडते. मेडिकल आणि मेयो ही दोन जुनी शासकीय रुग्णालये आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, आणि दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठीचे केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही शहरात आहे. कमलाताई होस्पेट यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये सुरू झालेल्या मातृसेवा संघाची ‘नंदनवन’ ही शाळा अनेक जुन्या नागपूरकरांना ठाऊक आहे. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, हाती आले की बहुतेक सवलतींचे दार उघडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्कही दिला आहे.

मूल अठरा वर्षांचे होते, तेव्हा हे चित्र बदलते. शाळा संपते आणि पुढे एखाद्या कार्यशाळेत जागा मिळाली तर मिळते. न मिळाल्यास उन्हाळ्याच्या सुट्टीसारखे दिवस बारा महिने चालू राहतात. त्याहून अनपेक्षित गोष्ट म्हणजे, त्या वाढदिवसापासून आईवडील कायद्याच्या दृष्टीने त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत त्याच्या खात्यासाठी सही कोणाची, हा प्रश्न समोर येतो तेव्हाच पुष्कळ घरांना ही गोष्ट कळते.

यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तरतूद आहे; राष्ट्रीय न्यास ही अशा व्यक्तींसाठी या कायद्याने स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांतील सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला असतो. या समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करू शकतात आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. ही अट अनेकांना जाचक वाटते. मला ती आवश्यक वाटते, कारण जवळच्या नातेवाइकांनीच अशा व्यक्तीचा वाटा गिळल्याच्या गोष्टी कोणत्या मोहल्ल्यात ऐकायला मिळत नाहीत? मात्र ज्याला मर्यादित मदतीने स्वतःचे निर्णय घेता येतात, त्याच्यावर सरसकट पालक लादू नये. २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्व, म्हणजे त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून ठराविक बाबींपुरते निर्णय घेणे, हा अशांसाठी अधिक न्याय्य मार्ग आहे.

येथे एक खुलासा करायला हवा. डिस्लेक्सियासारखी, म्हणजे वाचन-लेखनात अडथळा आणणारी, विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या कायद्यात मोडते, परंतु राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेत येत नाही. त्या मुलांची गरज परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक आणि समजूतदार शिक्षक यांची असते, त्यामुळे दोन्ही गटांच्या पालकांना एकाच सभेत बसवून एकच माहिती देणे फारसे उपयोगाचे नाही.

पैशांच्या बाबतीत ‘निरामय’ ही न्यासाची आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, त्यात थेरपीचा खर्चही धरतात आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नसते. अडचण अशी की खर्च आधी आपण करायचा आणि नंतर परत मागायचा. हातावर पोट असलेल्या घराला हे कसे जमावे? आयकराच्या जुन्या प्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या सांभाळासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते, पण तिचा लाभ अर्थातच कर भरणाऱ्यांपुरताच. नागपूर हे रेल्वे, आयुधनिर्माणी आणि टपाल खात्यातील नोकरदारांचे शहर असल्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद इथे विशेष महत्त्वाची ठरते. केंद्र सरकारच्या नियमांनुसार, मानसिक अक्षमतेमुळे उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकते, आणि न्यासाच्या समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र त्यासाठी ग्राह्य धरले जाते. अपत्याचे नाव आपण हयात असतानाच नोंदवून घ्यावे. आईवडिलांच्या मागे हे कागद जमवणे म्हणजे काय, हे आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या मुलीने फार सोसून पाहिले आहे.

भावंडांचा विचार तर कोणी करतच नाही. माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती तेव्हा पाहुण्यांसमोर भावाला आतल्या खोलीत ठेवावे, असा सल्ला आत्याने आईला दिला होता, आणि बाबांनी तो मानला नाही. ‘पुढे हा कोणाकडे राहणार?’ असे त्या मंडळींनी सरळ विचारले, तेव्हा आमच्या घरात सर्वांनाच राग आला. आज मला तो प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर कोणीच दिले नव्हते, आणि उत्तर म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले होते. बहिणीने सांभाळायचे हे गृहीत धरणे वेगळे आणि तिला विचारून, पैशांची व घराची व्यवस्था लिहून ठेवून, तिच्याबरोबर आणखी एकाला जबाबदारी देणे वेगळे.

ज्यांना घरच उरले नाही त्यांचे काय होते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही संस्थेत राहता यावे असा कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. घर असलेल्यांची मागणी त्या मानाने लहान आहे: वस्तीजवळ एखादी जागा, जिथे प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली सज्ञान मुलाला दुपारचे चार तास ठेवता येईल, म्हणजे आईला स्वतःच्या रक्तदाबाची तपासणी तरी करून घेता येईल. महापालिकेची समाजभवने दुपारी रिकामीच असतात. आमच्या भागातील काही पालक एका भवनासाठी प्रभागाच्या कार्यालयात अर्ज देणार आहेत, आणि या वेळी अर्जावर भावंडांच्याही सह्या घ्यायचे ठरले आहे.